नेटिव्ह व्हीलॅन जुळत नसेल तर स्पॅनिंग ट्री नेमके दोनच व्हीलॅन का अडवते?

बिनटॅग (प्रश्न)

मांडणी साधी आहे. दोन सिस्को कॅटॅलिस्ट स्विच, त्यांना अ आणि ब म्हणू. मध्ये एक डॉट१क्यू ट्रंक (एकाच केबलवरून अनेक व्हीलॅन, म्हणजे वेगवेगळी आभासी जाळी, टॅग लावून नेणारी जोडणी), दोन्हीकडे रॅपिड पीव्हीएसटी प्लस (प्रत्येक व्हीलॅनचं वेगळं झाड बांधून लूप टाळणारी सिस्कोची स्पॅनिंग ट्री). सगळ्या व्हीलॅनचा रूट (झाडाचं मूळ) अ. ट्रंकवर १, १०, २०, ३० आणि ९९ सोडलेले आहेत. अ च्या बाजूला नेटिव्ह व्हीलॅन (ज्याच्या फ्रेम बिनटॅग जातात तो) ९९ केला, ब च्या बाजूला तो १ च राहिला. लगेच ब च्या लॉगमध्ये या तीन ओळी:

रिसीव्ह्ड बीपीडीयू विथ इनकन्सिस्टंट पीअर व्हीलॅन आयडी ९९ ऑन जीआय१/०/२४ व्हीलॅन१
ब्लॉकिंग जीआय१/०/२४ ऑन व्हीलॅन००९९. इनकन्सिस्टंट पीअर व्हीलॅन
ब्लॉकिंग जीआय१/०/२४ ऑन व्हीलॅन०००१. इनकन्सिस्टंट लोकल व्हीलॅन

शो स्पॅनिंग-ट्री मध्ये १ आणि ९९ साठी त्या पोर्टपुढे बीकेएन (ब्रोकन) आणि शेवटी पीव्हीआयडी_इन्क (पोर्टचा व्हीलॅन क्रमांक विसंगत) दिसतं. १०, २०, ३० मात्र व्यवस्थित चालू.

माझे प्रश्न:

१. आयईईई च्या बीपीडीयूमध्ये (स्पॅनिंग ट्रीच्या मानक संदेशात) नेटिव्ह व्हीलॅनचं कुठलंही खातं नाही. मग ब ला कळलं कसं? सीडीपीवरून (सिस्कोचा शेजारी ओळखण्याचा प्रोटोकॉल)?
२. चूक एका व्हीलॅनच्या नेमणुकीत आहे, तर दोन का अडवले? आणि बाकीचे तीन का नाही?
३. अ च्या जीआय१/०/२३ वर दुसऱ्या कंपनीचा स्विच क आहे. त्यावर साधी आरएसटीपी (सगळ्या व्हीलॅनसाठी एकच झाड असलेली मानक स्पॅनिंग ट्री) चालते. तिथेही अ कडे ९९ आणि क कडे बिनटॅग १ असंच आहे, पण काहीच अडलेलं नाही. स्पॅनिंग ट्रीची तक्रार नाही म्हणजे ते तसंच ठेवायला हरकत नाही ना?

---

फ्रेमशोधक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बाकीची दोन त्यातूनच निघतात.

सीडीपीचा यात काही हात नाही. सीडीपीलाही शेजाऱ्याचा नेटिव्ह व्हीलॅन कळतो आणि तो नेटिव्ह व्हीलॅन मिसमॅच असा वेगळा संदेश लॉगमध्ये टाकतो, पण तो नुसता बोलतो, पोर्टला हात लावत नाही. शिवाय तो दर ६० सेकंदांनी बोलतो. तुमचा पोर्ट अडवला तो बीपीडीयूने, आणि बीपीडीयू दर २ सेकंदांनी येतो.

पीव्हीएसटी प्लस दोन प्रकारचे बीपीडीयू पाठवते, आणि गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो.

पहिला आयईईई चा. पत्ता ०१८०.सी२००.००००, कायम बिनटॅग, ट्रंकवर कायम व्हीलॅन १ च्या झाडाचा. नेटिव्ह व्हीलॅन काहीही ठेवा, ट्रंकवर हा बीपीडीयू व्हीलॅन १ चाच असतो आणि घेणारा स्विचही तो व्हीलॅन १ च्याच खात्यात जमा करतो.

दुसरा सिस्कोचा स्वतःचा, पत्ता ०१००.०सीसीसी.सीसीसीडी, स्नॅप आवरणात. हा प्रत्येक व्हीलॅनसाठी वेगळा जातो. नेटिव्ह व्हीलॅनचा असेल तर बिनटॅग, बाकीच्यांचा आपापल्या टॅगसह. याच्या शेपटीला एक टीएलव्ही असतो: दोन बाइट प्रकार, दोन बाइट लांबी, दोन बाइट व्हीलॅन क्रमांक. ९९ साठी ते ०० ०० ०० ०२ ०० ६३ असं दिसतं (६३ हे ९९ चं हेक्स रूप). 'मी मुळात या व्हीलॅनमधून निघालो' एवढंच तो सांगतो.

आता तुमच्या ट्रंकवर अ कडून काय निघतं ते पाहा:

— व्हीलॅन १, आयईईई बीपीडीयू: बिनटॅग
— व्हीलॅन १, सिस्को बीपीडीयू: टॅग १, शेपटीत १
— व्हीलॅन ९९, सिस्को बीपीडीयू: बिनटॅग, शेपटीत ९९
— १०, २०, ३०: ज्याचा त्याचा टॅग, शेपटीत तोच आकडा

ब ला तिसरी फ्रेम बिनटॅग मिळते. त्याच्या दृष्टीने बिनटॅग म्हणजे व्हीलॅन १. शेपटी उघडून बघतो तर ९९. फ्रेम आली कुठल्या व्हीलॅनमध्ये आणि निघाली कुठल्या व्हीलॅनमधून, हे दोन आकडे जुळले नाहीत की पीव्हीआयडी विसंगती. लॉगमधला 'पीअर' म्हणजे शेपटीतला आकडा, 'लोकल' म्हणजे फ्रेम ज्यात येऊन पडली तो.

ही तपासणी नेटिव्ह व्हीलॅनपुरती राखीव नाही, प्रत्येक सिस्को बीपीडीयूवर होते. मधल्या एखाद्या उपकरणाने टॅग बदलला, म्हणजे २० ने आत गेलेली फ्रेम ३० ने बाहेर काढली, तरी पलीकडचा स्विच हाच संदेश देतो. तिथे लोक तासन् तास नेटिव्ह व्हीलॅन तपासत बसतात आणि तो दोन्हीकडे बरोबरच असतो.

---

रूटब्रिज

दुसरा प्रश्न. 'दोन व्हीलॅन एकमेकांत मिसळू नयेत म्हणून अडवतात' हे उत्तर सगळीकडे वाचायला मिळतं. चूक नाही, पण अर्धंच आहे. नुसते मिसळले असते तर ती फक्त सुरक्षेची अडचण झाली असती. खरा धोका लूपचा आहे, आणि तो कसा तयार होतो ते कागदावर काढून पाहण्यासारखं आहे.

व्हीलॅन १ ला आयईईई बीपीडीयूची विशेष सवलत असल्यामुळे तो उदाहरणाला घेत नाही. १० आणि २० घेऊ. अ आणि ब मध्ये दोन ट्रंक आहेत: वरचा आणि खालचा. खालच्यावर सगळं बरोबर. वरच्यावर अ कडे नेटिव्ह १०, ब कडे नेटिव्ह २०. शेपटी तपासण्याची सोय नाहीच असं क्षणभर धरा.

वरच्या ट्रंकवर काय होईल?

अ चा १०: बिनटॅग निघतो, ब च्या २० मध्ये पडतो.
अ चा २०: टॅग २० ने निघतो, ब च्या २० मध्ये पडतो. (नेटिव्ह व्हीलॅनचा टॅग लावून आलेली फ्रेमही स्विच घेतो.)
ब चा २०: बिनटॅग निघतो, अ च्या १० मध्ये पडतो.
ब चा १०: टॅग १० ने निघतो, अ च्या १० मध्ये पडतो.

आता अ च्या २० कडे बघा. वरच्या ट्रंकवरून त्याला कुणीच काही पाठवत नाही. ब चा २० बोलतोय, पण ते बोलणं अ च्या १० च्या कानात जातंय. म्हणजे वरच्या पोर्टवर अ चा २० बहिरा आहे. बीपीडीयू ऐकू येत नाही, म्हणून तो समजतो की पलीकडे कुणी स्विचच नाही, आणि पोर्ट डेझिग्नेटेड करून फॉरवर्डिंगला टाकतो, म्हणजे फ्रेम जाऊ देतो. खालचा ट्रंकही २० साठी चालूच. झाला लूप: ब चा २० → खालचा ट्रंक → अ चा २० → वरच्या ट्रंकवर टॅग २० → पुन्हा ब चा २०. एकाच दिशेने फिरणारा, पण ब्रॉडकास्ट फ्रेमला गरगरायला एक दिशा पुरते. इथरनेट फ्रेममध्ये टीटीएल (आयुष्य मोजणारा आकडा) नसतो, त्यामुळे ती आपण होऊन मरतही नाही.

हेच उलट बाजूने ब च्या १० चं. वरच्या पोर्टवर तो बहिरा, कारण अ चा १० बिनटॅग जाऊन ब च्या २० मध्ये पडतो. तिथे अ चा १० → खालचा → ब चा १० → वरचा → अ चा १० असा दुसरा लूप.

म्हणजे चूक एका ओळीची, पण बहिरे होतात दोन व्हीलॅन, दोन वेगवेगळ्या टोकांना. एकच अडवला तर दुसऱ्याचा लूप उरतोच. म्हणून विसंगती पकडणारा स्विच त्या पोर्टवर दोन्ही व्हीलॅन बंद करतो. एका टोकाने दोन्ही बंद केले की पुरेसं आहे, पलीकडच्या स्विचला काही कळलं नाही तरी फ्रेम पार होत नाही. म्हणूनच लॉग कधी कधी एकाच स्विचवर सापडतो; ज्याने ऐकलं त्याच्यावर. दोन्हीकडे बघायची सवय ठेवा.

३० आणि बाकीचे टॅगवाले व्हीलॅन दोन्ही दिशांना सरळ जातात, कुणी बहिरं नाही, म्हणून त्यांना अडवायचं कारण नाही. तंतोतंत तेवढंच कापलंय, ही या रचनेची खरी कमाल.

---

जलदउपाय

एवढं कशाला? नो सीडीपी एनेबल केलं की नेटिव्ह मिसमॅचची कटकट थांबते, आणि ट्रंकवर बीपीडीयू फिल्टर लावला की पोर्टही मोकळा होतो. एकच ट्रंक असेल तर लूप कुठून येणार?

---

रूटब्रिज

सीडीपी बंद केल्याने फक्त संदेश बंद होतो. पोर्ट अडलेलाच राहील, वर कारण सांगणारा एक साक्षीदार कमी झाला.

बीपीडीयू फिल्टरने पोर्ट मोकळा होतो हे खरं, कारण स्विचने ऐकणं आणि बोलणं दोन्ही सोडून दिलं. इंटरफेसवर स्पॅनिंग-ट्री बीपीडीयूफिल्टर एनेबल म्हणजे त्या पोर्टवर स्पॅनिंग ट्री नाहीच, सगळ्या व्हीलॅनसाठी. आज एकच ट्रंक आहे म्हणून ठीक. उद्या कुणी त्या दोन स्विचमध्ये दुसरी केबल टाकली की वरच्या दोन लूपऐवजी प्रत्येक व्हीलॅनचा एकेक लूप. आणि मूळ दोष तसाच: अ चा ९९ आणि ब चा १ एकाच ब्रॉडकास्टमध्ये. १ मधला डीएचसीपी सर्व्हर ९९ मधल्या यंत्राला १ चा पत्ता देऊन मोकळा होईल. दोन्ही टोकांना एक ओळ टाकायचा कंटाळा म्हणून हे करू नका, राव.

---

शेजारीस्विच

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. क वर काही अडलं नाही, कारण तिथे तपासणी करायला कुणीच नाही.

क ला सिस्कोचा बीपीडीयू कळत नाही. त्याच्यासाठी ०१००.०सीसीसी.सीसीसीडी हा एक अनोळखी मल्टिकास्ट पत्ता आहे. तो ती फ्रेम साध्या डेटासारखी त्या व्हीलॅनच्या सगळ्या पोर्टवर पसरवतो. क स्वतः जो बीपीडीयू पाठवतो तो आयईईई चा, बिनटॅग, शेपटी नसलेला. अ तो व्हीलॅन १ च्या खात्यात घेतो. तुलना करायला आकडाच नाही, तर विसंगती दिसणार कशी? अ आणि क यांचं व्हीलॅन १ चं झाड नीट जमलेलं दिसेल, आणि डेटा मात्र अ च्या ९९ मधून क च्या १ मध्ये जात असेल. स्पॅनिंग ट्री सांगते एक, फ्रेम जातात भलतीकडे.

खात्री करायची असेल तर अ वर शो मॅक ॲड्रेस-टेबल इंटरफेस जीआय१/०/२३ द्या. क च्या व्हीलॅन १ मधल्या यंत्रांचे मॅक ९९ खाली दिसतील. त्या यंत्रांना अ च्या १ मधले एआरपी ऐकू येतील (ते टॅग १ ने जातात, आणि क ने टॅग १ स्वीकारला तर), पण त्यांचं उत्तर बिनटॅग परत येऊन ९९ मध्ये पडेल. 'पिंग जात नाही पण पॅकेट कॅप्चरमध्ये दुसऱ्या बाजूचं सगळं दिसतं' अशी विचित्र तक्रार आली की बहुतेक हेच असतं.

यात एक फसवी गोष्ट आहे, ती लक्षात ठेवा. क च्या पलीकडे आणखी एक सिस्को स्विच ड असेल, नेटिव्ह १ ने जोडलेला, तर अ चा शेपटीत ९९ असलेला बीपीडीयू क मधून पसरत बिनटॅग ड पर्यंत पोचतो. ड म्हणेल पीव्हीआयडी विसंगत, आणि ड आणि क मधला पोर्ट १ व ९९ साठी अडवेल. त्या जोडणीत काहीही चूक नसते. दोष अ आणि क मध्ये, आणि ठणका ड ला. संदेशातला 'पीअर व्हीलॅन आयडी' हा लगतच्या शेजाऱ्याचा असेलच असं नाही, हे एकदा डोक्यात बसलं की असा शोध लवकर लागतो. आकडा बघा, आणि कुठल्या सिस्को स्विचच्या कुठल्या ट्रंकवर तो नेटिव्ह आहे ते मागे मागे शोधत जा.

---

फ्रेमशोधक

वरच्यात भर म्हणून, स्पॅनिंग ट्री गप्प राहते अशा आणखी जागा. कारणं वेगवेगळी आहेत.

दोन्ही टोकं ॲक्सेस पोर्ट (एकाच व्हीलॅनचे, टॅग न लावणारे). अ कडे ॲक्सेस १०, ब कडे ॲक्सेस २०. ॲक्सेस पोर्टवरून फक्त आयईईई चा बीपीडीयू जातो, तोही त्या ॲक्सेस व्हीलॅनचा, शेपटीशिवाय. त्यामुळे दोन्ही झाडं गुपचूप एक होतात. इथे बहिरेपणा नाही (दोन्ही दिशांना एकच रस्ता), म्हणून लूप टळतो, पण दोन व्हीलॅन जोडले गेले. ओळखायची एक सोपी खूण आहे. एक्स्टेंडेड सिस्टिम आयडीमुळे ब्रिज प्रायॉरिटीच्या आकड्यात व्हीलॅन क्रमांक मिळवलेला असतो. शो स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन २० मध्ये रूटची प्रायॉरिटी २४५८६ दिसली तर तिला ४०९६ ने भागा: बाकी १० उरते. म्हणजे २० चा रूट व्हीलॅन १० मधून आलेला आहे. नीट जाळ्यात ती बाकी नेहमी त्याच व्हीलॅनची, इथे २० ची, यायला हवी. एक्सेलमध्ये सगळ्या स्विचचं आउटपुट टाकून ही बाकी काढली तर सगळ्या गुपचूप जोडण्या एका बैठकीत सापडतात.

एक टोक ट्रंक, दुसरं ॲक्सेस. ही गप्प जागा नाही, पण गल्लत होते म्हणून सांगतो. ॲक्सेस पोर्टवर सिस्कोचा ट्रंकवाला बीपीडीयू आला की संदेश येतो 'रिसीव्ह्ड ८०२.१क्यू बीपीडीयू ऑन नॉन ट्रंक' आणि पोर्टपुढे टाइप_इन्क लागतो. पीव्हीआयडी_इन्क नव्हे. टाइप_इन्क दिसला तर नेटिव्ह क्रमांक तपासू नका, स्विचपोर्ट मोड तपासा. बहुतेक वेळा एका टोकाला डायनॅमिक मोड राहिलेला असतो आणि बोलणी फिसकटलेली असतात.

एमएसटी (अनेक व्हीलॅन मिळून मोजकीच झाडं, म्हणजे इन्स्टन्स, ठेवणारी स्पॅनिंग ट्री). दोन्ही स्विच एमएसटीवर असतील तर सगळ्या इन्स्टन्सची माहिती एकाच बिनटॅग बीपीडीयूमध्ये जाते. त्यात प्रदेशाचं नाव, रिव्हिजन आणि व्हीलॅन-इन्स्टन्स नकाशाचा डायजेस्ट (त्यावरून काढलेला सारांश-आकडा) असतो. नेटिव्ह व्हीलॅनचा उल्लेख नाही. डायजेस्ट जुळला म्हणजे नेटिव्ह जुळला असं कुणी समजू नये, त्या दोघांचा काही संबंध नाही. एमएसटीच्या जाळ्यात नेटिव्ह मिसमॅच सांगणारे दोघेच उरतात: सीडीपी, किंवा एलएलडीपीचा (सीडीपीसारखाच, पण मानक प्रोटोकॉल) पोर्ट व्हीलॅन आयडी टीएलव्ही. रॅपिड पीव्हीएसटीवरून एमएसटीकडे जाताना 'आधीचे पीव्हीआयडी संदेश बंद झाले, चला, सुटलं' असं वाटतं. सुटलेलं नसतं, फक्त पहारेकरी गेलेला असतो.

राउटर, सर्व्हर, ॲक्सेस पॉइंट. ही मंडळी सहसा बीपीडीयू बोलतच नाहीत. राउटरच्या सबइंटरफेसवर एन्कॅप्सुलेशन डॉट१क्यू ९९ पुढे नेटिव्ह हा शब्द टाकायचा राहून गेला, तर राउटर टॅग लावून पाठवतो, स्विच बिनटॅग पाठवतो, आणि कुणीही तक्रार करत नाही. स्पॅनिंग ट्रीकडून इथे काही अपेक्षा ठेवू नका.

---

बिनटॅग

रूटब्रिज यांचं बहिरेपणाचं उदाहरण कागदावर काढलं, लख्ख कळलं. आता दुरुस्तीबद्दल. मला सगळीकडे नेटिव्ह ९९ च हवा आहे (९९ मध्ये कुठलंही यंत्र नाही, डबल टॅगिंगचा, म्हणजे फ्रेमला दोन टॅग लावून दुसऱ्या व्हीलॅनमध्ये घुसण्याचा, हल्ला टाळायला). ब च्या मागे आणखी पाच स्विच आहेत, सगळ्यांचा नेटिव्ह अजून १. ब चं मॅनेजमेंट व्हीलॅन १० मध्ये आहे, पण मागच्यांपैकी दोघांचं अजून १ मध्येच. क्रम काय ठेवू?

---

रूटब्रिज

ब चं मॅनेजमेंट १० मध्ये आहे म्हणून तुम्ही आत्ता त्याच्यापर्यंत पोचता आहात. ते १ मध्ये असतं तर अ वर बदल केल्याच्या पुढच्या हॅलोला (पुढच्या बीपीडीयूला) हातातून गेला असता. तसं झालं तर अ वरचा बदल मागे घ्यायचा. विसंगती संपली की पोर्ट आपोआप सुटतो, शट-नो शटची गरज नसते. लॉगमध्ये 'पोर्ट कन्सिस्टन्सी रिस्टोअर्ड' येतं.

क्रम असा:

१. सगळ्या स्विचवर व्हीलॅन ९९ आधी तयार करा. स्विचपोर्ट ट्रंक नेटिव्ह व्हीलॅन ९९ ही ओळ व्हीलॅन तयार करत नाही. तो नसला तर शो इंटरफेसेस जीआय१/०/२४ स्विचपोर्ट मध्ये नेटिव्ह ९९ पुढे इनॲक्टिव्ह लिहिलेलं दिसेल. त्या स्विचकडे ९९ चं झाडच नसतं, त्यामुळे शेपटीत ९९ असलेला बीपीडीयू तिथून निघत नाही आणि तुमची पीव्हीआयडी तपासणी एका बाजूने आंधळी होते.

२. चालू असलेली ब ची अडचण आधी मिटवा. ब चं अ कडे जाणारं पोर्ट ९९ करा. पुढचे ट्रंक नंतर.

३. मग बाहेरच्या टोकाकडून आत या असं नाही, तर एकेक ट्रंक घ्या. आणि प्रत्येक ट्रंकवर आधी दूरचं टोक, मग जवळचं. 'दूर' म्हणजे तुम्ही जिथून लॉगिन करता त्याच्यापासून दूर. मॅनेजमेंट १ मध्ये असलेल्या त्या दोन स्विचवर दूरचं टोक बदलताच सत्र तुटेल. तुटू द्या. जवळच्या टोकाला तुमची पोच शाबूत असते, तिथे ९९ टाकलं की दोन्ही जुळतात आणि दूरचा परत येतो. उलट केलंत, आधी जवळचं बदललंत, तर दूरच्यावर जाऊन ओळ टाकायला रस्ताच उरत नाही.

४. दूरच्या स्विचवर हात लावण्याआधी रीलोड इन १०. काम जमलं की रीलोड कॅन्सल. मधल्या वेळात कॉन्फिगरेशन सेव्ह करायचं नाही, नाहीतर रीलोड होऊन तीच चूक पुन्हा उठेल. सेव्ह सगळ्यात शेवटी, दोन्ही टोकांना.

५. पोर्टचॅनल (अनेक पोर्टचं एकत्र बंडल) असेल तर ओळ पोर्टचॅनल इंटरफेसवर टाका, सदस्य पोर्टवर एकेक नाही. एका सदस्याचा नेटिव्ह वेगळा पडला की तो बंडलमधून बाहेर काढला जातो, आणि मग तुम्ही स्पॅनिंग ट्री सोडून ईथरचॅनलच्या मागे लागता.

प्रत्येक ट्रंकनंतर शो स्पॅनिंग-ट्री इनकन्सिस्टंटपोर्ट्स. यादी रिकामी हवी. रॅपिड पीव्हीएसटीमध्ये परत जोडणी काही क्षणांत होते. एखादा जुना स्विच साध्या पीव्हीएसटी प्लसवर राहिला असेल तर १५ अधिक १५, असे ३० सेकंद थांबा आणि घाबरून काही उलटसुलट करू नका.

---

शेजारीस्विच

आणि क विसरू नका. तिथे अ ९९ म्हणतोय तर क च्या त्या पोर्टवर बिनटॅग व्हीलॅन (काही कंपन्या त्याला पीव्हीआयडी म्हणतात) ९९ करा आणि १ टॅगसह सदस्य ठेवा, जर १ तिथे न्यायचाच असेल तर. काही स्विचवर बिनटॅग सदस्यत्व आणि पीव्हीआयडी या दोन वेगळ्या नेमणुका असतात: पहिली बाहेर जाणाऱ्या फ्रेमसाठी, दुसरी आत येणाऱ्यासाठी. एकच बदलली तर एका दिशेने बरोबर आणि दुसऱ्या दिशेने चूक, पुन्हा तोच बहिरेपणा, आणि यावेळी ओरडायला कुणी नाही.

आयईईई बीपीडीयूची काळजी नको. क चा नेटिव्ह ९९ झाला तरी त्याची आरएसटीपी बिनटॅगच बोलेल आणि अ ते व्हीलॅन १ मध्येच घेईल. म्हणजे क साठी रूट कोण, हे तुमच्या व्हीलॅन १ च्या झाडावरून ठरतं. म्हणून १ मध्ये एकही यंत्र नसलं तरी त्याची रूट प्रायॉरिटी मोकळी सोडू नका.

---

बिनटॅग

ब चं पोर्ट केलं, १ आणि ९९ दोन्ही सुटले. शेवटचं एक: व्हीलॅन डॉट१क्यू टॅग नेटिव्ह ही ग्लोबल ओळ टाकली तर हा सगळा प्रश्नच मिटेल का? बिनटॅग काही उरणारच नाही. आणि बघायचं असेल तर स्पॅन पोर्टवर (दुसऱ्या पोर्टच्या फ्रेमची नक्कल जिथे मिळते तिथे) या शेपट्या दिसत का नाहीत?

---

फ्रेमशोधक

टॅग नेटिव्हने नेटिव्ह व्हीलॅनचा डेटाही टॅगसह जातो आणि बिनटॅग आलेला डेटा टाकून दिला जातो. दोन्ही टोकांना ती ओळ असेल तर उत्तम. एकाच टोकाला असेल तर त्या टोकाचं बोलणं पलीकडे पोचतं, पलीकडचं बिनटॅग उत्तर इकडे टाकलं जातं, एकतर्फी जोडणी. शिवाय ती ग्लोबल ओळ आहे: स्विचच्या सगळ्या ट्रंकवर एकदम लागू होते. ज्या ट्रंकवर ॲक्सेस पॉइंट किंवा सर्व्हर बिनटॅग बोलतात ते त्याच क्षणी गप्प होतील. आणि आयईईई चा बीपीडीयू त्यानंतरही बिनटॅगच राहतो. तुमच्याकडे क सारखे शेजारी आहेत, तेव्हा आधी त्यांची यादी करा, मग ठरवा.

स्पॅनबद्दल: साध्या मॉनिटर सेशनमध्ये टॅग काढून टाकले जातात आणि बीपीडीयू, सीडीपीसारख्या फ्रेमची नक्कल होत नाही. डेस्टिनेशनच्या ओळीत शेवटी एन्कॅप्सुलेशन रेप्लिकेट जोडा. मग वायरशार्कमध्ये एसटीपीने गाळणी लावा, ०१००.०सीसीसी.सीसीसीडी वाली फ्रेम उघडा आणि तळाला ओरिजिनेटिंग व्हीलॅन बघा. वर ८०२.१क्यू चा थर नसेल तर फ्रेम बिनटॅग आहे. तळातला आकडा तुमच्या पोर्टच्या नेटिव्हशी जुळायला हवा. कॅप्चर घेणाऱ्या लॅपटॉपचं नेटवर्क कार्डही कधी टॅग गिळून टाकतं, तेव्हा एकही टॅग दिसला नाही तर आधी ड्रायव्हरची व्हीलॅन सेटिंग बघा, स्विचला दोष देण्याआधी.